गाणे नसलेला पहिला अल्बम

प्रश्न : आम्ही वेंगुर्ल्यातील चार मित्र गेली काही वर्षे पोस्ट-रॉक या प्रकारचे वाद्यसंगीत करीत आहोत. दोन गिटार, बेस आणि ड्रम्स एवढाच आमचा सरंजाम आहे, गायक नाही. पहिल्या अल्बमसाठी आम्ही आठ रचना निवडल्या असून त्या एकूण 74 मिनिटांच्या होतात. घरची मंडळी आणि गावातील श्रोते ‘गाणे कधी सुरू होणार?’ असे विचारतात, म्हणून निदान दोन रचनांना शब्द द्यावेत काय? तीन रचना एका शहरातील स्टुडिओतून मिक्स करून आणल्या, परंतु त्यांतले काहीतरी हरवल्यासारखे वाटते. उरलेले ध्वनिमुद्रण आजोबांच्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या कौलारू घरात करावे काय? पाचव्या रचनेत शिमग्याच्या वेळी मोबाइलवर टिपलेले गावचे ढोल आहेत. ते वापरले तर चालतील का? सर्व रचना सोबत पाठवीत आहोत.
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : आपण पाठविलेल्या आठही रचना मी दोनदा ऐकल्या आणि दुसऱ्या रचनेतील चौथ्या मिनिटाची जागा त्यानंतर आणखी कितीतरी वेळा ऐकली. तिथे दोन्ही गिटार थांबतात, बेसचा एकच स्वर लांबत राहतो आणि ड्रमवादक झांजेच्या कडेवर काठी इतक्या हलक्या हाताने फिरवतो, की आवाज सुरू झाला केव्हा हेच कळत नाही. ही जागा ज्यांना सुचली त्यांना शब्दांची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शब्द घालू नयेत.

पोस्ट-रॉक ही संज्ञा ब्रिटिश समीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी 1994 मध्ये रूढ केली. रॉकचीच वाद्ये घ्यायची, पण त्यांच्याकडून रॉकचे ठरलेले काम करून न घेता नादाचा पोत आणि अवकाश उभा करायचा, असा तिचा आशय होता. गायकाला मध्यभागी न ठेवणे हा या प्रकाराचा स्वभावच आहे, मात्र त्यामुळे तो आपल्याकडच्या श्रोत्याला परका ठरतो, हे मला मान्य नाही. आपल्याला ‘गाणे कधी?’ असे विचारणारी हीच मंडळी जत्रेत दहीकाल्याला, म्हणजे दशावतारी नाटकाला, रात्रभर बसतात. राक्षसाच्या प्रवेशाआधी पखवाज आणि चक्की (झांज) लय कशी चढवीत नेतात आणि पायपेटी एका स्वरावर कशी रेंगाळते, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. एकही शब्द उच्चारला जाण्यापूर्वी अंगावर काटा येतो, तो त्या चढत्या लयीमुळे. आपले संगीत त्यांना हॉलमध्ये खुर्च्या मांडून ऐकवण्याऐवजी एकदा देवळाच्या आवारात, काळोख पडल्यावर ऐकवून पाहावे, असे मी सुचवीन.

आता लांबीविषयी. 74 मिनिटांचा पहिला अल्बम काढण्याचा मोह मी समजू शकतो, कारण इतक्या वर्षांची मेहनत त्यात दिसावी असे कोणालाही वाटेल. तरीही आपल्या आठ रचनांपैकी पहिली, चौथी आणि सातवी या तिन्ही एकाच वाटेने जातात: हळू सुरुवात, सहाव्या मिनिटाला भरती आणि शेवटी सगळी वाद्ये पूर्ण जोरात. पहिल्यांदा जी भरती श्रोत्याला सोबत ओढून नेते, तिचीच तिसरी फेरी तो आधीच ओळखतो. या तिघींतील चौथी ठेवावी, बाकीच्या दोन बाजूला काढाव्यात आणि आठवी, जी अजून कच्ची आहे, ती पुढच्या अल्बमसाठी राखावी. पाच रचनांचा, साधारण 45 मिनिटांचा अल्बम उरेल. एलपी तबकडीच्या एका बाजूला सुमारे 22 मिनिटे चांगल्या प्रतीने मावत असल्याने ही लांबी रूढ झाली आणि एका बैठकीत मन लावून ऐकण्यास ती आजही योग्य वाटते. मॉन्ट्रियलच्या ‘गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर’ या समूहाचा 1997 मधील पहिला अल्बम एलपीवर आला, तेव्हा त्याच्या अवघ्या 500 प्रती निघाल्या होत्या आणि प्रत्येक पाकिटात आगगाडीखाली चपटे झालेले एक नाणे घातलेले होते. मोजक्या प्रती मन लावून काढल्या, तर त्या दूरवर पोहोचू शकतात, एवढ्यासाठीच हे उदाहरण दिले.

स्टुडिओतून आलेल्या तीन रचनांत काय हरवले, याचे उत्तर माझ्या मते सरळ आहे. हळू आणि मोठा यांतील अंतर हरवले. मिक्स करणाऱ्याने कॉम्प्रेशनचा, म्हणजे मोठा आवाज दाबून सगळी पातळी सारखी करण्याच्या तंत्राचा, इतका वापर केला आहे, की आपण कुजबुजता तेही मोठ्याने आणि गर्जता तेही तितक्याच मोठ्याने ऐकू येते. मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज, या समजुतीने चित्रपटसंगीत आणि जाहिराती यांचे काम करणारे पुष्कळ तंत्रज्ञ हेच करतात, पण आपल्या संगीताचा प्राण नेमका त्या अंतरात आहे. शिवाय आवाज असा दाबून मोठा करण्याचा व्यावहारिक उपयोगही उरलेला नाही. स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये सर्व गाण्यांची पातळी साधारण उणे 14 एलयूएफएसवर (एलयूएफएस हे ऐकू येणाऱ्या आवाजाच्या मोठेपणाचे एकक) आणते, त्यामुळे दाबून मोठी केलेली रचना तिथे पुन्हा खाली ओढली जाते आणि दाबल्याचे नुकसान तेवढे शिल्लक राहते. उलट अल्बम सलग ऐकला, तर तिथे पूर्ण अल्बमची पातळी एकत्र जुळवली जाते, म्हणजे आपली हळू रचना हळूच राहते. त्या तीन रचनांचे मूळ सुटे ट्रॅक (प्रत्येक वाद्याचे वेगळे मुद्रण) मागून घ्यावेत आणि मिक्स पुन्हा करावे. खर्च वाढेल, हे जाणूनही मी हे सांगत आहे.

आजोबांच्या घराविषयी वाचून मला मनापासून आनंद झाला. गिलावा न केलेला चिरा सच्छिद्र असतो, त्यामुळे तो गुळगुळीत भिंतीइतका आवाज परत फेकत नाही. उतरते कौलारू छप्पर जमिनीला समांतर नसल्याने स्लॅबच्या खोलीत टाळी वाजवल्यावर ऐकू येणारा थरथरता प्रतिध्वनीही तिथे कमी येईल. ड्रम्स माजघरात ठेवावेत, एक माइक जवळ आणि एक पडवीच्या दारात लावावा. गिटारचा अँप (ध्वनिवर्धक) मात्र वेगळ्या खोलीत हवा. मुद्रण 24 बिटवर (हळू आवाजही नीट टिपणाऱ्या डिजिटल सेटिंगवर) करावे आणि पातळी मुद्दाम खाली ठेवावी, म्हणजे भरतीच्या क्षणी आवाज फाटणार नाही. सर्वांत आधी वायरमनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे, कारण आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने अर्थिंग बिघडले असेल, तर त्याच सुरातील गुणगुण अँपमधून येत राहते आणि हळू जागांत ती लपवता येत नाही. पंखा आणि फ्रिज बंद ठेवावेत. पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेने गिटारची मान हलते, खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात आणि कौलांवर सर कोसळली की चारपाच मिनिटांची जुळून आलेली वेळ वाया जाते. जानेवारी-फेब्रुवारीतील रात्री उत्तम. समुद्राची गाज थोडीफार मुद्रणात येईलच. ती काढून टाकण्याचा खटाटोप करू नये, आणि मुद्दाम वाढवूही नये.

ढोलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. शिमग्याची पारंपरिक चाल कोणा एकाच्या मालकीची नसते, परंतु ती वाजवणाऱ्यांचे वादन त्यांचे असते. आपल्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 38 अन्वये कलावंताला आपल्या सादरीकरणावर 50 वर्षे हक्क मिळतो. म्हणून त्या वादकांना पाचवी रचना आधी ऐकवावी, त्यांची लेखी संमती घ्यावी, मोबदला ठरवावा आणि अल्बमच्या आतल्या कागदावर त्यांची नावे आपल्या नावांच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावीत. ढोल देवाच्या पालखीपुढचे असतील, तर गावकर आणि मानकरी यांनाही विचारावे, कारण तिथे कायद्यापेक्षा गावाचा शब्द मोठा असतो.

त्यांची संमती मिळाली, तर मोबाइलवरील तो तुकडा तसाच वापरू नये, कारण ढोलाचा खालचा घुमारा मोबाइलच्या माइकमध्ये पकडलाच गेलेला नाही. त्या वादकांना एका संध्याकाळी आजोबांच्या अंगणात बोलावून, आपली रचना त्यांना स्पीकरवर ऐकवीत, ढोल नव्याने मुद्रित करावा. ते आपल्या लयीत येतील की आपल्याला त्यांच्या लयीत जावे लागेल, हे तिथेच ठरू द्यावे. तसे करताना पाचव्या रचनेची लांबी बदलली, तरी ती बदलू द्यावी.