'रुग्णाशी नाते' या रकान्यात काय लिहू?

प्रश्न : आम्ही दोघे अकरा वर्षे एकत्र राहतो. लग्न केलेले नाही, करायचेही नाही. दोघांचीही चाळिशी उलटली आहे. आंब्याच्या मोसमात गडी आणि गिऱ्हाईक तिला 'वहिनी' म्हणतात. गणपतीला चाकरमानी भाऊबंद आले की मात्र 'ही कोण?' सुरू होते. मी 'मैत्रीण' म्हणतो, ती रागावते. 'गर्लफ्रेंड' या वयात शोभत नाही. काय म्हणू? – देवगड

उत्तर : तिचा राग रास्त आहे. अकरा मोसम पेट्या भरून घेणाऱ्या, हिशेबाची वही सांभाळणाऱ्या बाईला 'मैत्रीण' म्हटले की चुलत्यांना वाटते, ही आज आहे, उद्या नाही. गड्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला. अडून बसलात ते तुम्हीच. 'आमची ही' म्हणा, 'माझी जोडीदार' म्हणा, नाहीतर नुसते नाव घेऊन 'आम्ही एकत्र राहतो' एवढे सांगा. पण तिला काय म्हणवून घ्यायला आवडेल, हे तिला विचारलेत का? पत्रावरून तरी तसे दिसत नाही.

आणि हा नुसता मानपानाचा मामला नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात लग्नासारख्या नात्यालाही संरक्षण आहे. ते नाते कसे ओळखायचे, याच्या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात घालून दिल्या. दोघे लग्नाच्या वयाचे हवेत, लग्नाला मोकळे हवेत, आपखुशीने बराच काळ एका घरात राहिलेले हवेत, आणि चारचौघांत नवरा-बायकोसारखे वावरलेले हवेत. उद्या वेळ आलीच, तर गणपतीपुढे तुम्ही तिची ओळख काय करून दिलीत, याची साक्ष द्यायला तेच चुलते उभे राहतील.

प्रश्न : मी ५४ वर्षांची, हे ५८ चे. चौदा वर्षांचे सहजीवन. यांच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला. 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मी 'जोडीदार' लिहिले, तर ती म्हणाली, 'रक्ताच्या नात्यातले कोणी बोलवा.' यांचे भाऊ मुंबईहून दुसऱ्या दिवशी आले, तोवर सगळे अडले. हे शुद्धीत होते, बोलत होते. पुढच्या वेळी सरळ 'पत्नी' लिहू का? – चिपळूण

उत्तर : नका लिहू. आज काम भागेल, पण पुढे मिळकतीवरून वाद झाला तर हाच कागद 'ही बाई खोटे लिहिते' म्हणून तुमच्यासमोर धरतील. 'जोडीदार' लिहिलेत ते योग्यच.

चुकले ते काउंटरवर. सज्ञान रुग्ण शुद्धीत असेल तर संमती त्याची स्वतःची लागते, भावाचीही नाही आणि बायकोचीही नाही. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. तिथे तर रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईकडून घेतलेली संमतीही चालली नव्हती. नातेवाइकाची सही मागतात ती बहुधा बिलाची हमी म्हणून, आणि ती तुम्ही देऊ शकता. पुढच्या वेळी यांच्याच हातून दोन ओळी लिहून घ्या : 'माझ्या आजाराची सर्व माहिती यांना द्यावी, माझ्या वतीने यांच्याशी बोलावे.' खाली सही, तारीख. एक प्रत तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, एक घरच्या फाइलमध्ये.

शुद्ध हरपल्यावर, बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार किती चालू ठेवायचे, यासाठी आगाऊ इच्छापत्र करता येते. २०१८ च्या निकालाने ती वाट उघडली, २०२३ मध्ये ती सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

तुम्ही विचारले नाही, पण घराचे काय? मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने बिनलग्नाच्या, मूलबाळ नसलेल्या पुरुषाची मिळकत आधी आईकडे जाते. आई-वडील दोघेही नसतील तर भावा-बहिणींकडे. तुमचे नाव त्या यादीत कुठेच नाही. दीर्घ सहवासावरून न्यायालय लग्न झाल्याचे गृहीत धरू शकते. १९७८ च्या एका निकालात पन्नास वर्षांच्या सहवासाला तसे धरले होते. पण समोरच्याला ते गृहीतक खोडून काढता येते, आणि लग्न झालेले नाही हे तर तुम्हीच सांगता आहात. तेव्हा मृत्युपत्र कराच. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेलेही चालते. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले बरे, आणि साक्षीदार तुम्ही नको. घर सामाईक असेल, सातबाऱ्यावर सगळ्या भाऊबंदांची नावे असतील, तर यांना फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. म्हणजे कागद हातात असूनही ओटीवर पाय ठेवताना कटकट होणारच. वाटप यांच्या हयातीतच उरकून घ्या.

प्रश्न : मुलगा सहा वर्षे डोंबिवलीत एका मुलीबरोबर राहतो. यंदा दोघे गणपतीला येणार. जावा विचारतात, तिचा ओवसा कधी? आणि रात्री अंथरूण कुठे घालायचे? – संगमेश्वर

उत्तर : ओवसा, म्हणजे गौरीपुढे सुपे वाहण्याचा विधी, हा लग्न होऊन आलेल्या सुनेचा. माहेरची सुपे आल्याशिवाय तो होत नाही. ज्या मुलीने लग्नच केलेले नाही, तिला जावांचे तोंड बंद करण्यासाठी सूप घेऊन गौरीपुढे उभे करू नका. तिलाही ते जड जाईल. मोदक वळायला, पत्री काढायला, आरतीला टाळ धरायला लग्न लागत नाही. जावांना सांगा, 'आमच्या झिलाची जोडीदार आहे, ओवसा तिच्या मनात येईल तेव्हा.' अंथरुणाचे म्हणाल तर घर तुमचे, नियम तुमचा. फक्त तो निघण्याआधी फोनवर मुलाला सांगा, भरल्या घरात रात्री अकराला नको.

प्रश्न : बँक आणि प्रॉव्हिडंट फंडाला जोडीदाराचे नाव नॉमिनी म्हणून चालेल? – अलिबाग

उत्तर : बँकेत चालते. फंडात, आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर बाहेरचे नाव चालत नाही. आणि नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, मालक नव्हे.

प्रश्न : यांचे लग्न झालेले आहे, हे मला पहिल्यापासून ठाऊक होते. घटस्फोट झालेला नाही. नऊ वर्षे आम्ही एकत्र आहोत. गावात मला यांची बायकोच समजतात. मला काही हक्क? – वेंगुर्ले

उत्तर : गोड बोलून तुमचे भले होणार नाही. २०१३ च्या इंद्रा शर्मा खटल्यात नेमके हेच होते : पुरुष विवाहित आहे हे माहीत असून ती सोबत राहिली. घरगुती हिंसाचार कायद्याचे संरक्षण तिला मिळाले नाही. गाव काय समजते, याने इथे फरक पडत नाही, कारण पहिले लग्न उभे आहे.

म्हणून जे हवे ते त्यांच्या हयातीत, कागदावर घ्या. स्वकष्टाच्या मिळकतीतून ते तुम्हाला नोंदणीकृत बक्षीसपत्राने देऊ शकतात किंवा मृत्युपत्राने ठेवू शकतात. 'बघू नंतर' असे उत्तर आले, तर तेही उत्तरच समजा. तुमची कमाई तुमच्या एकटीच्या खात्यात राहू द्या. आणि राहते घर भाड्याचे असेल, तर पुढच्या करारात भाडेकरू म्हणून तुमचे नाव घालून घ्या.