पोलीस घरी येऊन परवान्याची बंदूक तपासायला मागतात, दाखवावीच लागते का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या नावावर शेती संरक्षणाची बारा बोअर आहे, हवालदार न कळवता आले आणि वडिलांनी त्यांना ओटीवरूनच परत पाठवलं. दाखवायला हवी होती. परवाना, बंदूक आणि शिल्लक काडतुसं मागितल्यावर हजर करायची, हे परवान्याच्या अटींतच असतं. २०१६च्या शस्त्र नियमांपासून तर अर्जासोबत सुरक्षित साठवणुकीचं हमीपत्रही द्यावं लागतं.

आमच्या घरी काय झालं ते सांगतो. सिंधुदुर्गातलं एकच घर, मधे भिंत घालून दोन वाटण्या. माझी एकनळी लोखंडी कपाटात, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. चावी माझ्या करगोट्याला. काकांची मात्र माजघरात खुंटीवर. यावरून आमचं वर्षानुवर्षं वाजत आलंय. काकांचं ठरलेलं उत्तर, "बंदूक काय दागिनो आसा, कुलपात ठेवूक? डुकर भातात इलो काय चावी सोदीत बसतलंस?"

निवडणुकीआधी हवालदार आले, सोबत पोलीस पाटील. माझ्याकडे परवाना उघडला, तेलकट फडक्यानं नळी पुसून नंबर जुळवला, खरेदीची नोंद बघून काडतुसं मोजली, चहा झाला. मग काकांकडे गेले. खुंटीवरची बंदूक काढून हवालदारांनी नळी उघडून बघितली तर आत काडतूस. भरलेलं. खाली भाताची कणगी, आणि त्या कणगीवर चढून काकांचा नातू रोज खेळायचा. माजघरात कोणी बोललं नाही. हवालदारांनी काडतूस खिशात न घालता काकूंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "काका, आज तोंडी सांगतोय. पुढच्या वेळी अहवाल जाईल."

अहवाल गेला तर परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली. अटींचा भंग हा कलम ३० खाली गुन्हाही आहे.

तेव्हापासून काका गावभर सांगतात की पोलिसांना मीच बोलावलं. मी बोलावलं नव्हतं. आचारसंहितेच्या तोंडावर परवानाधारकांकडे फेरी होतेच. पण मी कळवलं असतं तरी मला त्याची लाज वाटली नसती. रानडुकराचं निमित्त मला सांगू नका. वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याच्यावर गोळी झाडता येत नाही, आणि परवानगी हातात असलेल्या माणसाला कुलूप काढायला कितीसा वेळ लागतो? भातापेक्षा नातू मोठा.

तुमच्या वडिलांनाही हेच सांगा, माझं नाव घेऊन सांगितलंत तरी चालेल.

एक राहिलं. तपासणी म्हणजे झडती नव्हे. बंदूक दाखवली की हवालदारांनी बाकीची कपाटं उघडायचं कारण नाही. कलम २२ची झडती दंडाधिकाऱ्यांनी कारणं लेखी नोंदवल्यावरच होते. तसंच निवडणुकीत सरसकट सगळ्यांनी शस्त्र जमा करायचं असंही नाही. ते जिल्ह्याची छाननी समिती ठरवते, आणि जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत नाव आलेले यांच्याकडे आधी बघितलं जातं. जमा करायची वेळ आलीच तर नंबर आणि बंदुकीची अवस्था लिहिलेली पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. मी वकील नाही. भाऊबंदकीचा दावा चालू असेल किंवा वडिलांवर एखादी तक्रार असेल तर वकिलाला विचारूनच पुढे जा.

पण तुमच्याकडेही बंदूक खुंटीवर असेल तर ती आजच खाली काढा. त्यासाठी वकील लागत नाही, आणि वडील रागावले तर रागावू देत.