आईला आधीपासून मधुमेह असेल तर बाळही मधुमेह घेऊनच जन्मतं का?

नाही, उलट अशा बाळाची साखर जन्मल्यावर पहिल्या काही तासांत एकदम खाली जाण्याची भीती असते. आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंडच भरपूर इन्सुलिन बनवायला लागतं. नाळ कापली की साखर थांबते, इन्सुलिन मात्र तेवढंच राहतं. म्हणून नवजात विभागात आम्ही टाचेला टोचून साखर बघतो आणि तासाभरात अंगावर पाजायला लावतो. (मधाची बाटली घेऊन आलेल्या आज्यांना दारातच थांबवतो.) बाळ थरथरत असेल, मलूल असेल, नीट ओढत नसेल तर शिरेतून ग्लुकोज द्यावं लागू शकतं. अर्थात जन्मजात व्यंगांचा धोका वेगळा: हृदय, मज्जारज्जू पहिल्या 8 आठवड्यांतच घडतात, त्यामुळे दिवस राहण्याआधीच एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) 6.5 टक्क्यांच्या खाली आणलेलं बरं.