कार्ड बदलले, नाव बदलायचे राहिले

प्रश्न : आमच्या अभ्यासिकेतील पुस्तकांच्या नोंदी फ्रीबीएसडी या संगणक-प्रणालीवर चालणाऱ्या एका जुन्या संगणकात आहेत. मे महिन्यातील वादळात वीज कोसळून त्याचे नेटवर्क कार्ड जळाले आणि आम्ही सीताबर्डीहून नवे आणून बसवले. तेव्हापासून संगणक बंद करून सुरू केला की दर वेळी ‘आयएफकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन आयपी पत्ता भरावा लागतो. कार्ड सदोष आहे काय?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : कार्ड सदोष असते, तर हाताने पत्ता भरूनही ते चालले नसते, तेव्हा दुकानदाराशी वाद घालू नये. आपली आज्ञा केवळ चालू असलेल्या कर्नेलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, पत्ता सांगते, तो कोठेही लिहून ठेवत नाही, म्हणून संगणक बंद होताच तो पुसला जातो. सुरू होताना प्रणाली वाचते ती ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘आरसी डॉट कॉन्फ’ ही फाइल, आणि तीत अजून जळालेल्याच कार्डाचे नाव असावे, असा माझा कयास आहे.

फ्रीबीएसडीत इंटरफेसचे, म्हणजे नेटवर्क जोडणीचे, नाव कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवरून (ड्रायव्हरवरून) पडते. इंटेलचे कार्ड बहुधा ‘ईएम०’ म्हणून दिसते, रिअलटेकचे ‘आरई०’ म्हणून. आणि स्वस्तातले कार्ड पुष्कळदा रिअलटेकच्याच चिपचे निघते. जुने कार्ड इंटेलचे असल्यास फाइलमधली ओळ ‘ईएम०’ला पत्ता देऊ पाहते, पण तो घ्यायला त्या नावाचे कोणी उरलेलेच नाही. नुसते ‘आयएफकॉन्फिग’ लिहून एंटर दाबल्यास खरे नाव पडद्यावर येईल. ते ‘आरई०’ निघाल्यास ‘आयएफकॉन्फिग_ईएम०’च्या जागी ‘आयएफकॉन्फिग_आरई०’ लिहावे (संगणकावर अर्थातच रोमन लिपीत) आणि पुढचा ‘इनेट १९२.१६८.१.१० नेटमास्क २५५.२५५.२५५.०’ अशा धर्तीचा मजकूर तसाच ठेवावा. त्याभोवतीचे दुहेरी अवतरणचिन्ह बंद करायचे राहिले, तर संगणक सुरू होता होता अर्ध्यावरच थांबतो. माझा एक अख्खा रविवार त्यात गेला आहे. फाइल हाताने उघडण्यापेक्षा ‘सिसआरसी’ या आज्ञेने बदल करणे म्हणूनच मला बरे वाटते.

त्यानंतर ‘सर्व्हिस नेटिफ रीस्टार्ट’ आणि लगेच ‘सर्व्हिस राउटिंग रीस्टार्ट’ या आज्ञा द्याव्यात. दुसरी गाळल्यास अभ्यासिकेतले संगणक एकमेकांना दिसतात, पण बाहेर जाण्याचा मार्ग पुसला गेल्याने इंटरनेट मिळत नाही. हे काम घरून एसएसएचने (दुरून संगणकाला आज्ञा देण्याच्या सोयीने) न करता त्या संगणकासमोर बसूनच करावे, कारण पहिल्या आज्ञेसरशी आपलाच संपर्क तुटू शकतो.