आठ दिवस हातात आहे, तेवढ्यात काय काय बघू?

प्रश्न : मी कराडजवळच्या एका जि.प. शाळेत शिक्षिका आहे. स्नेहसंमेलन, बालसभा, सहल, सगळ्याचे फोटो मीच काढते, आजवर फोनवरच. आता भाचा त्याचा जुना सोनी आरएक्स100 कॅमेरा मला देतोय, 2012 चं पहिलं मॉडेल, आणि मावशी आधी आठ दिवस वापरून बघ मग पैशाचं बोलू म्हणालाय. गच्चीवरून काढलेले फोटो छान आले पण फोनचे पण छानच येतात की. मग नेमकं बघायचं काय?

उत्तर : ताई, गच्चीवरचे फोटो बाजूला ठेवा. भर उन्हात सगळेच कॅमेरे चांगले वाटतात. तुमची खरी अडचण आहे संध्याकाळचा कार्यक्रम, ट्यूबलाइटचा उजेड आणि एका जागी न थांबणारी पोरं, तर कॅमेरा तिथेच न्या. आठ दिवसांत एखादी बालसभा किंवा नाचाची प्रॅक्टिस असेलच.

आता हा कॅमेरा तिथे का टिकतो ते सांगतो. याच्या सेन्सरला, म्हणजे आत उजेड टिपणाऱ्या चिपला, एक इंची म्हणतात, जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरून आलेलं नाव आहे ते, मोजायला गेलात तर 13.2 बाय 8.8 मिलिमीटर भरतो. पण त्या काळातल्या साध्या खिशातल्या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण 6.2 बाय 4.6 असायचा, म्हणजे क्षेत्रफळ चौपट झालं. उजेड गोळा करायला जागा मोठी, म्हणून कमी उजेडात फोटोत दाणे कमी येतात. आणि एवढं सगळं बॅटरी धरून 240 ग्रॅममध्ये बसवलंय, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक जण फसतात आणि कॅमेऱ्याला नावं ठेवतात. लेन्सवर 1.8-4.9 असं लिहिलंय बघा. हे लेन्सच्या छिद्राचे आकडे, आकडा लहान तितकं छिद्र मोठं. झूम न करता उभ्या राहिलात तर छिद्र एफ 1.8 पर्यंत उघडतं, पण पूर्ण झूम केला की 4.9 च्या पुढे उघडत नाही, म्हणजे उजेड जवळपास सातपट कमी होतो. हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसून झूम करून काढलेला फोटो हलणारच. त्यापेक्षा स्टेजजवळ जा, खाली बसा, झूम न करता काढा, आणि हे दोन्ही प्रकार एकाच नाचाचे काढून घरी शेजारी शेजारी ठेवून बघा, फरक डोळ्यांना दिसेल.

आणि ऑटोवर सोडून देऊ नका. ऑटोमध्ये कॅमेरा आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, वाढवायला कचरतो आणि शटर हळू करतो, म्हणजे जास्त वेळ उघडं ठेवतो, भिंत स्पष्ट येते आणि पोरांचे हात पुसट. वरची डायल एस वर फिरवा, तिथे शटरचा वेळ आपण ठरवतो, शटर 1/250 सेकंद ठेवा, आयएसओ ऑटो करून वरची मर्यादा 3200 द्या. थोडे दाणे दिसतील, दिसू देत, ज्या पोरीने पंधरा दिवस गिरकीची तयारी केली तिचा चेहरा स्पष्ट आला पाहिजे.

फ्लॅशचं पण बघून घ्या. तो वर उघडतो आणि बोटाने हळूच मागे दाबून धरला तर तोंड छताकडे होतं, प्रकाश छतावर आपटून मऊ होऊन खाली येतो. वर्गात छत पांढरं आणि बुटकं असेल तर चेहरे फार सुंदर येतात. पत्र्याचं छत असेल तर मात्र उपयोग नाही.

प्रश्न : जुना आहे, तर खराब आहे का ते कसं ओळखायचं? भाचा कोकणात दोन वर्षं होता.

उत्तर : कोकण म्हणालात म्हणून आधी बुरशी बघा. कॅमेरा चालू करून लेन्स बाहेर आली की बाजूने तिरका टॉर्च मारा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर सरळ नाही म्हणा, भाचा असला तरी. मग धूळ. ही लेन्स आत-बाहेर होते तेव्हा हवेबरोबर धूळ पण आत ओढली जाते, आणि लेन्स काढता येत नसल्याने सेन्सर आपल्याला घरी पुसता येत नाही, कॅमेरा उघडावाच लागतो. तपासायला डायल ए वर, तिथे छिद्र आपण ठरवतो, छिद्र एफ 11, आणि मोकळ्या आकाशाचा फोटो, झूमशिवाय एक आणि पूर्ण झूमवर एक. राखाडी डाग दिसले तर ती धूळ.

तिसरं म्हणजे भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, समोर सरळ उभं राहून एफ 4 ला फोटो काढा आणि कॉम्प्युटरवर मोठा करून चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचा. कोपरे थोडे मऊ असणं चालतं, पण एकच बाजू पुसट असेल तर कॅमेरा कधीतरी पडलेला असू शकतो.

प्रश्न : सहलीला चालेल का?

उत्तर : चालेल, पण दोन गोष्टी. बॅटरी कंपनीच्या हिशोबाने 330 फोटोंची आहे, प्रत्यक्षात पोरांच्या सहलीत दुपारनंतर काळजी लागते, आणि ती कॅमेऱ्यातच यूएसबीच्या वायरने चार्ज होते म्हणजे चार्ज होईस्तोवर कॅमेरा अडकला, म्हणून दुसरी बॅटरी घ्याच. आणि अंग फार गुळगुळीत आहे, घामेजल्या हातातून सटकतो. मनगटाची दोरी बांधल्याशिवाय पिशवीतून बाहेर काढू नका, पुढे चिकटवायची रबरी पकड मिळते ती पण लावून घ्या. पावसापासून याला संरक्षण अजिबात नाही. डोळा लावायची खिडकी पण नाही, त्यामुळे गडावर भर दुपारी स्क्रीन नीट दिसते का ते या आठ दिवसांत एकदा उन्हात उभं राहून बघाच. सूर्याकडे पाठ असलेल्या माणसांचे फोटो तुमचा फोन जास्त सोपे करून देईल, तिथे फोनच वापरा.

शेवटच्या दिवशी बालसभेचे दहा फोटो निवडा, पाच याचे आणि पाच फोनचे, आणि पोस्टकार्ड साइजमध्ये प्रिंट काढून पोरांनाच दाखवा, कोणते कशावर काढलेत ते न सांगता.