'टीचर'चा 'चीचर' का होतो?

ब्राझीलचा एक सहकारी इंग्रजी बोलताना 'टीचर'ला 'चीचर' आणि 'रेड'ला 'हेड' म्हणतो, त्याला हे उच्चार शिकवायचे कसे, असा प्रश्न आला आहे.

आधी 'माझा' आणि 'माझी' मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एकच, पण 'माझा'तला झ दंत्य, 'माझी'तला तालव्य. पुढे ई आली की जीभ आपसूक टाळूकडे उचलली जाते. 'त्याचा-त्याची'चंही तेच. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज; तिथल्या बहुतेक भागांत त आणि द यांचं असंच होतं. आत्या किंवा मावशीला लिहितात 'तिया', म्हणतात 'चिया'. दिवस म्हणजे 'दिया', तोंडी 'जिया'. हा निष्काळजीपणा मुळीच नाही. 'झिप' म्हणताना आपल्यातल्या अनेकांची जीभ अशीच वर जाते.

म्हणून 'टी, टी' असं घोकून घेऊ नका. टी या अक्षराचं पोर्तुगीज नाव 'ते' आहे आणि ए-पुढे त शाबूत राहतो. त्याला 'ते' म्हणायला लावा, मग जिभेचं टोक न हलवता स्वर हळूहळू ई-कडे न्यायला सांगा. पोर्तुगालच्या माणसाला मात्र याची गरज नाही. तिकडे 'तिया' तियाच राहते.

आता 'रेड'. ब्राझीलमध्ये शब्दारंभीचा र बहुतेक ठिकाणी ह-सारखा निघतो. रोनाल्डो तिथे 'होनाउदू' असतो. याउलट, लिहिलेला एच मुका, त्यामुळे 'हॅट' वाचताना 'अ‍ॅट' होते. पण ह त्याच्या तोंडात आहेच! उंदराला लिहितात 'रातो', म्हणतात 'हातु'. 'हॅट'ची सुरुवात उंदरासारखी कर, एवढं सांगा. मला ही युक्ती फार आवडते, कारण नवं काही शिकवावंच लागत नाही. इंग्रजी र-साठी साओ पावलो राज्याच्या अंतर्भागातली बोली आठवायला सांगा. तिथे 'पोर्ता', म्हणजे दार, यातला र अमेरिकन र-सारखाच मुरडतात.

'चेअर'चं 'शेअर' होत असेल तर तोही लिपीचा घोळ. सीएच म्हणजे त्यांना श. सोळाव्या शतकात पोर्तुगीजमध्येही तो च होता. आपण पोर्तुगीजांकडून 'चावी' घेतली ती तेव्हाच्या उच्चारासकट; आज ब्राझीलमध्ये तिला 'शावि' म्हणतात. सहकाऱ्याला 'चिया'तला च उचलून खुर्चीला लावायला सांगा.