बल्ब लागत नाहीये? आधी हे बघ

तारा जोडल्या आहेस, सेलही नवा आहे, तरी बल्ब पेटत नाही, असंच ना? टॉर्चचा छोटा बल्ब उलटा करून बघ. बुडाशी शिशाचा ठिपका दिसेल, ते एक टोक. दुसरं टोक म्हणजे बाजूची धातूची कडा. बहुतेक जण दोन्ही तारा त्या ठिपक्यालाच टेकवतात; मीही तेच केलं होतं. मग वीज बल्बच्या आतल्या बारीक तंतूतून जातच नाही, परस्पर सेलकडे परतते. हेच शॉर्ट सर्किट. तार गरम लागली की लगेच सोड.

गुंडाळीची तांब्याची तार असेल तर टोकं घासून घे, तिच्यावर न दिसणारा लाखेचा थर असतो.

एलईडीचं गणित वेगळं. लाल एलईडीला साधारण 2 व्होल्ट लागतात, म्हणून 1.5 व्होल्टच्या एका सेलवर तो ढिम्म. दोन सेल एकामागे एक लाव, 3 व्होल्ट होतील. उरलेला 1 व्होल्ट 100 ओहमच्या रोधावर (रेझिस्टर, वीजप्रवाह आवरणारा भाग; तो एलईडीच्या ओळीतच जोड) पडला की धारा, म्हणजे वीजप्रवाह, 10 मिलिअँपिअर, भरपूर झाली. लांब पाय धन टोकाकडे.

आणि हो, भिंतीतल्या सॉकेटच्या वाटेला अजिबात जाऊ नकोस.